घाटात गरम होणारा कॉम्प्युटर

आमच्या मोताळ्याचा मे महिना ज्याने काढला नाही, त्याने मला कॉम्प्युटर थंड कसा ठेवायचा हे शिकवू नये. मोठ्या शहरांतली पोरं इंटरनेटवर लिहायची, 'खोलीचं तापमान पंचवीस अंश धरून चाला.' अरे, धरू कुठून? आमच्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा पंचवीस सापडत नाही. दुपारी टाकीच्या पाण्याने हात पोळतो, दाराची कडी पदराने धरून उघडावी लागते. असल्या दिवसांत माझ्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा आकडा पंच्याण्णवच्या पुढे सरकायचा, पंखा आतून बोंबलायला लागायचा, आणि मग एकाएकी पडदा काळा. ना सांगणं ना सवरणं, सरळ बंद.

कॉम्प्युटर माझाच होता. गावात मी संगणकाचे क्लास घ्यायची तेव्हाची ही गोष्ट. मलकापूर, अकोला असं फिरून एकेक भाग जमवला आणि ते खोकं मी स्वतःच्या हाताने जोडलं. कशासाठी, तर गेम खेळण्यासाठी. घरी मात्र 'क्लासच्या कामाचं आहे' असं सांगितलं होतं. आई काही दूधखुळी नव्हती. "लग्नाच्या वयाची पोट्टी अन् दिवसभर बंदुका चालोते," ती म्हणायची. "पाहाले येतीन त्यायले काय सांगू, पोरगी फौजेत हाय म्हणून?" मी म्हणायची, सांग ना, तेवढाच वचक बसेल.

आणि हे खोकं ठेवलं कुठे, तर कापसाच्या खोलीत. कापसाची खोली म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे वेचलेला कापूस लगेच विकत नाहीत. भाव वाढेल म्हणून घरातलीच एक खोली रिकामी करतात, तिच्यात छताला टेकेल एवढा कापूस कोंबतात आणि वाट पाहतात. मग त्या ढिगावर पाहुण्यांची पोरं उड्या मारतात, मांजर त्यातच वितं, आणि घरातली सगळी माणसं अंग खाजवत फिरतात. बाबांचा कापूस त्या वर्षी दिवाळीनंतर घरात शिरला, तो उन्हाळा आला तरी बाहेर पडायचं नाव घेईना. "भाव येऊ दे," एवढंच बाबांचं म्हणणं. त्या खोलीच्या भिंती जाड, घरात सगळ्यात गार खोली तीच, आणि कोपऱ्यात टेबलापुरती जागा उरलेली. मला वाटलं, यापेक्षा चांगली जागा कॉम्प्युटरला मिळणार नाही. तुम्ही आत्ताच हसताय ना? मला हसू यायला लय दिवस लागले.

आता बाबांचं सांगते, कारण खरा घोर बाबांचा होता. बाबा बसचे ड्रायव्हर. त्यांची सगळी नोकरी राजूर घाटात गेली. मोताळ्याहून निघायचं, घाट चढून बुलढाण्याला जायचं, तिथून माणसं भरून घाट उतरायचा. पुढे साखर झाली आणि साखरेने डोळे धरले. उजवा डोळा गेलाच. तपासणीत नापास झाले, आणि बाबांना स्टेअरिंगवरून उतरवलं. बुलढाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की डाव्या डोळ्यातही सुरुवात झाली आहे, वेळेवर आणा, लेसर करू, हा डोळा हातचा घालवू नका. ती वेळ टळून गेली होती आणि बाबा काही केल्या बुलढाण्याला जायला तयार नव्हते.

कारण ऐका. बुलढाण्याला रेल्वे नाही. जायचं म्हणजे गाडीने, आणि गाडीने म्हणजे घाटातून.

"म्या ज्या घाटात जिंदगी काढली, त्या घाटात आता पाशिंजर बनून बसू?" बाबा म्हणायचे. "समोर कोणी नवशिका कचकच गेर टाकून राह्यला, तं मी मागं बसून आयकत राहू? नाई जमणार आपल्याले."

"मंग जीप करू न," आई म्हणायची.

"अन् जीप कोण चालोणार? तू?"

"डोळा गेल्यावर काय करसान मंग?"

"हाय तोवर हाय."

यावर आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. मला रडू येण्याआधी राग येतो, लहानपणापासूनची खोड आहे. एवढा शहाणा माणूस, उरलेला एकमेव डोळा नुसत्या अकडीपायी घालवायला निघालेला. मी चिडायची, दार आपटायची, आणि मग कापसाच्या खोलीत बसून पडद्यावरच्या लोकांना गोळ्या घालायची.

अशाच एका दुपारी मी बंदुका सोडून दुसराच एक गेम लावला होता. बस चालवायचा गेम. कुठलासा परदेशी डोंगर, खालच्या गावात स्टँड, वरच्या गावात स्टँड, आणि मधे वळणावळणाचा घाट. मागे पाहिलं तर बाबा दारात. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"हे काय वं?"

"बस हाय, बाबा."

"बस अशी चालोतात? वळणावर ब्रेक मारून राह्यली तू! वळणाच्या आधी मार. ऊठ, सरक तिकडं."

नोकरी गेल्यापासून बाबा इतकी वाक्यं एका दमात बोलले नव्हते. मी सरकले. पुढच्या आठवड्यात मी अकोल्याहून प्लास्टिकचं स्टेअरिंग घेऊन आले, पायाशी ठेवायचे ब्रेक आणि अॅक्सिलेटर सुद्धा. बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या, स्टेअरिंगला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि मगच खुर्चीत बसले. मला हसायचं होतं, पण आईने डोळे वटारले.

मग एक दिवस आईने तोंड उघडलं. "खोट्या घाटात रोज जाता, तं खऱ्या घाटातून एक बार जाऊन या न अवो."

बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "बरं. ह्या घाटात खालून वरपर्यंत गाडी नेतो. वरच्या स्टँडवर लावली, का दुसऱ्या दिवशी बुलढाण्याले येतो. पाशिंजर बनून येतो. जबान देली."

बाबांची जबान म्हणजे दगडावरची रेघ. आईने लगेच देवाजवळ साखर ठेवली. मीही मनातल्या मनात नाचले, कारण तो घाट म्हणजे बाबांच्या हातचा मळ होता. दोन दिवसांत निकाल लागेल असं वाटलं. पण आमच्या नशिबात प्रोसेसर होता.

बाबांनी खालच्या स्टँडवरून गाडी काढली की पहिली काही वळणं झकास. मग चढ सुरू व्हायचा, आणि पडद्यावर गर्दी व्हायची. झाडं, झाडांच्या सावल्या, दरीतलं धुकं, वर शिखरावर बर्फ. ते सगळं काढता काढता प्रोसेसर तापायचा. मी पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या तापमानाचा आकडा लावून ठेवला होता, बाबा त्याला 'काटा' म्हणायचे. काटा ऐंशी, काटा नव्वद, आणि पार शेवटच्या वळणांपाशी आलं की खट्ट. सगळं काळं. पुन्हा चालू केलं की गाडी खालच्या स्टँडवर. अर्ध्यातून पुढे न्यायची सोय त्या गेममध्ये नव्हती.

"गाडी घाटात गरम झाली का बाजूले लावाची," बाबांनी मला समजावलं. "थंडी होऊ द्याची. मंग निंगाचं." आणि त्यांनी खरोखर बस कडेला उभी केली. पण बस उभी राहिली म्हणून प्रोसेसर थोडाच उभा राहतो! झाडं हलतच होती, धुकं चालूच होतं, तो बिचारा तेवढंच राबत होता. उभ्या गाडीत काटा वर चढला आणि खट्ट.

"लेकाचं इंजिन खराब हाय तुहं," बाबांनी निर्वाळा दिला.

माझ्यासाठी हे म्हणजे कोणी मुस्काटात मारावी तसं. मी गावाला कॉम्प्युटर शिकवणारी, आणि माझं इंजिन खराब? मी पदर खोचला. तशी मी पंजाबी ड्रेसवर होते, पण समजून घ्या.

आधी खोक्याचा बाजूचा पत्रा काढून टाकला. आईने लगेच आत हात घालून पाहिला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. "बापा! हे तं फणफणून राह्यलं," ती म्हणाली. थोड्या वेळाने मी येऊन पाहते तर खोक्यावर एक कांदा. आमच्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात, ऊन लागत नाही म्हणतात.

"आई, हे काय?"

"राहू दे न. तुहं काय घेते?"

कांदा राहिला. मग मी टेबलफॅन आणून खोक्याच्या उघड्या बाजूला लावला. काटा दोन आकड्यांनी उतरला आणि तिथेच अडला. उतरणार कसा? खोलीतलीच हवा तापलेली, तीच तो पंखा आत ढकलत होता. म्हणून शेवटी मी कूलरला हात घातला.

आमच्या घरी एकच कूलर, पत्र्याचा, गवताच्या ताट्यांचा, बैठकीच्या खिडकीत बसवलेला. उन्हाळ्यात घर त्याच्याभोवतीच जगतं. तो मी ओढत कापसाच्या खोलीत आणला आणि त्याचं तोंड खोक्याकडे केलं. आई घाम पुसत म्हणाली, "माणसं उकडून मरतीन अन् मशीन गार झोपंन. चांगला जमाना आला, बाप्पा!" पण बाबांच्या डोळ्यासाठी म्हणून गप्प बसली. आणि काटा खरंच खाली आला. मी अशी काही मिरवले की विचारू नका. आईला म्हटलं, पाहिलंस का, शिक्षण वाया जात नसतं.

ते मिरवणं दोन-तीन दिवस टिकलं, पण नेमके तेच दिवस बाबा काही ना काही निमित्त काढून घाटात गेले नाहीत. मग एका सकाळी बाबांनी ढिगात हात घातला आणि मूठभर कापूस बाहेर काढून दाबून पाहिला. चेहरा उतरला.

"ओला हाय."

कूलरची सगळी दमट हवा कापसाने पिऊन घेतली होती. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं ते.

"उद्या व्यापारी येईन न," बाबांचा आवाज चढला, "तो हातात घेईन अन् म्हणंन, वजन वाढवाले बुढ्यानं पाणी मारलं. आजपर्यंत माह्या कापसाले कोणी असं म्हटलं नाई! हलवा तो कूलर आधी!"

कापसावर पाणी मारणारी माणसं गावात कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बाबांना त्यांच्या पंगतीला बसायचं नव्हतं. कूलर पुन्हा बैठकीत गेला. आई त्याच्यासमोर पाय पसरून बसली, पाहुणा घरी परतल्यासारखा तिला आनंद झाला होता. आणि दुपारी बाबा घाटात गेले तर काटा पहिल्यापेक्षाही झपाट्याने चढला. अर्ध्या घाटातच खट्ट.

आता मात्र माझं डोकं फिरलं. कूलर काढल्यावर पहिल्याइतकं तापलं असतं तर समजू शकले असते. पहिल्यापेक्षा जास्त कशाला तापावं? मी ब्रश घेतला, पंखा वरून पुन्हा पुसला. लख्ख होता. तो मी दर आठवड्याला पुसायचीच. अखेरीस मलकापूरला गेले, प्रोसेसरवर लावायचा लेप विकत आणला, आणि एका रविवारी खोकं आडवं पाडून सगळं खोलायला बसले. बाबा बसायला मोढा ओढून शेजारी. आई तांदूळ निवडायचं निमित्त करून दारात.

प्रोसेसरच्या डोक्यावर अॅल्युमिनियमच्या पातळ पातळ पात्यांचा एक ठोकळा असतो. प्रोसेसरची उष्णता त्या पात्यांत चढते आणि वरचा पंखा त्यांच्यात वारा घालतो. मी आजवर पुसत होते तो नुसता पंखा. तो आज पहिल्यांदा उचलला, आणि खाली पाती दिसायला हवीत तिथे गादी होती. खरीखुरी कापसाची गादी, बोटभर जाड, कडेपासून कडेपर्यंत घट्ट बसलेली. पंखा महिनोन् महिने खोलीतला बारीक कापूस ओढत होता आणि खाली दाबत होता. मी त्यात कूलरची ओली हवा सोडून तिचा चांगला घट्ट थापलेला नमदा करून ठेवला होता.

मग आईने पुढे होऊन चिमटीत ती गादी उचलली, उलटी सुलटी केली.

"हे पाहा," ती बाबांना म्हणाली, "तुमचा कापूस विकाले नाई गेला तं त्यानं मशीनमंदी बिऱ्हाड केलं."

बाबा आधी हसू दाबत होते, मग त्यांना आवरेना. एवढे हसले की मोढ्यावरून पडता पडता वाचले. मला लाज वाटली, मग मीही सुटले. त्या घरात कॉम्प्युटर कापसात ठेवणारी शिकलेली बाई मी एकटीच होते, आणि आतापर्यंत तिथे आग लागली नाही हे नशीब.

पाती ब्रशने साफ केली, जुना वाळलेला लेप पुसून काढला, नवा लावला, तुरीच्या दाण्याएवढा. "एवढुसाच?" आई म्हणाली. "जरा हात सैल सोड, पैशाची काळजी नको करू." तिला वाटलं लेप म्हणजे हळदचंदन, जितका जास्त तितका गुणकारी. मग खोकं कापसातून उचललं आणि मधल्या खोलीत खिडकीखाली ठेवलं. तिथे आईची खाट होती. ती खाट आईने स्वतः उचलून सरकवली, एका शब्दाने कुरकुर न करता. तेव्हा मला कळलं की बाबांच्या डोळ्यापायी ती किती घाबरलेली होती.

शेवटी मी गेममध्ये जाऊन बरंचसं कमी केलं. धुकं काढलं, लांबचा डोंगर साधा केला, झाडांच्या सावल्या बंद केल्या. बाबा बसले, गाडी काढली, आणि पहिल्याच वळणावर ओरडले, "सावल्या कुठी गेल्या? एवढ्या उन्हात झाडाले सावली नाई?"

"बाबा, तुमाले घाट चढाचा हाय का सावलीत बसाचं हाय?"

"बरं बरं."

मी काट्याकडे पाहत होते. अडुसष्ट. सत्तर. चढ लागला, बहात्तर. आणि तिथेच थांबला. बाहेर रस्ता वितळत होता आणि माझा प्रोसेसर बहात्तरवर शांत चालला होता. पंखासुद्धा गुणगुणत होता फक्त. मला इतका आनंद झाला की बाबांसाठी पन्हं करायला मी स्वयंपाकघरात पळाले. आईला म्हटलं, झालं बघ, आज वर जातात. आई हातातलं टाकून देवापुढे गेली.

पन्ह्याचा पेला घेऊन परत आले तर बस उभी. शेवटच्या वळणाच्या अलीकडे, कडेला लावलेली. त्या वळणाच्या वर स्टँडचे पिवळे दिवे स्पष्ट दिसत होते. इंजिन चालू होतं. बाबांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर आणि नजर कोपऱ्यातल्या काट्यावर. मला वाटलं, जुन्या सवयीने गाडी थंड करताहेत. काटा बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर.

"काऊन बे," बाबा कॉम्प्युटरला हळूच म्हणाले, "आज काऊन बंद नाई पडून राह्यला?"

मी दारातच थांबले. बाबा वाट पाहत होते. गाडी तापून बंद पडावी म्हणून वाट पाहत होते.

काय सांगू, आधी नेहमीसारखा रागच आला. एवढा जीव काढला, कूलर ओढला, आईला उकाड्यात ठेवलं, आणि यांना घाट चढायचाच नव्हता! तोंड उघडलं होतं मी. पण बाबांची मान पाहिली, पांढरे केस आणि घामाची ओळ, आणि शब्द गिळून टाकले.

"बाबा, वळण मोकळं हाय."

"दिसते मले."

"मंग?"

बाबांनी स्टेअरिंग सोडून हात मांडीवर ठेवले.

"वर गेलो तं उद्या जा लागन," ते म्हणाले. "अन् डाक्टरनं म्हटलं का हाही गेला, तं? आता निदान मले माहीत नाई." त्यांनी गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "मले भेव वाटते, बाई."

बाबांना कशाची भीती वाटते असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. पाशिंजर, नवशिका, कचकच गेर, ते सगळं आम्हाला गप्प बसवायला होतं तर. माझे डोळे भरून आले आणि मघाचा राग कुठल्या कुठे गेला.

"मलेही वाटते," मी म्हटलं. "लय वाटते. पण मी संग येतो न."

आम्ही घरात अशा वेळी येतो, जातो असंच बोलतो, बाई असली तरी. बाबांनी मान हलवली. तरी गाडी हलेना.

"काय झालं आता?"

"घंटी कोणी देल्ली?" बाबा म्हणाले. आवाज जरा सुधारला होता. "कंडक्टरनं डबल घंटी देल्याबिगर म्या कधी गाडी नाई हालोली. नोकरीत नाई अन् आताही नाई."

मी इकडेतिकडे पाहिलं, काही सापडेना, मग हातातल्या स्टीलच्या पेल्यावर अंगठीचं बोट आपटलं. दोनदा. टिंग, टिंग. पन्हं माझ्या हातावर सांडलं. बाबांनी गेर टाकला आणि गाडी वळणात घातली, अशी अलगद की आत खरे प्रवासी झोपले असते तरी जागे झाले नसते. वरच्या स्टँडवर बस रेघेत लावली. आई दारात येऊन उभी होती. ती वळली आणि बाबांच्या पिशवीत धोतर-सदरा आणि डॉक्टरचे जुने कागद भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बुलढाण्याच्या बसमध्ये बसलो. बाबा खिडकीशी, मी शेजारी. ड्रायव्हरने ओळखून हात केला, बाबांनी अवघडून मान डोलावली. राजूर येईपर्यंत त्यांचा उजवा पाय पुढच्या सीटखाली ब्रेक दाबत होता. एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गेर बरा टाकते लेकाचा," आणि मी मनातल्या मनात त्या ड्रायव्हरला दंडवत घातला.

घाट लागला तेव्हा पाहिलं तर बाबांचे डोळे मिटलेले. मला वाटलं झोपले. पण ओठ हलत होते.

"आता डावं," ते म्हणाले, आणि बस डावीकडे वळली. "आता दरी उजव्या अंगाले. आता चढ लागन, गेर बदलन." ड्रायव्हरने गेर बदलला. एकही वळण चुकलं नाही.

मला गंमत वाटली. "वा बाबा! डोळे मिटून घाट पाठ हाय तुमाले!"

"तेच पाहून राह्यलो," बाबा म्हणाले. "डोळ्याबिगर किती जमते ते."

माझं हसू तोंडातच राहिलं. मी त्यांचा हात घट्ट धरला.

"उघडा डोळे," मी म्हटलं, इतक्या जोरात की पुढची बाई मागे वळून पाहायला लागली. "अजून एक हाय न तुमच्यापाशी? उघडा मंग!"

बाबांनी डोळा उघडला. आणि बुलढाणा येईपर्यंत खिडकीतून बाहेर पाहत राहिले, माझा हात न सोडता.